हावड्याचा पूल : नट-बोल्ट राहू द्या, विहिरी बघा

प्रश्न विचारणारे सोलापूरचेच आहेत, सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात हावडा ब्रिजवर सादरीकरण करायचंय म्हणून त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. या पुलाला एकही नट-बोल्ट नाही हे खरं का? एवढ्या रुंद नदीत एकही खांब का नाही? आणि हावडा नि कोलकाता ही तोंडासमोर तोंड असलेली गावं, मग पक्का पूल व्हायला १९४३ साल का उजाडलं?

मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मीअधिक पुलांवर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच उरकतो, कारण त्यात फारसं काही नाही. दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर एकच आहे, ते मात्र लांबणार.

मुख्य सांगाडा रिव्हेटचा, म्हणजे ठोकून पक्क्या बसवलेल्या पोलादी खिळ्यांचा आहे, हे खरं. पण त्या काळी मोठा पोलादी पूल म्हणजे रिव्हेटचाच असायचा. आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या रेल्वे गर्डरवर हात फिरवून बघा, तीच गोल डोकी बोटाला लागतील. साधा बोल्ट भोकात जरा सैलच बसतो आणि वाहनांच्या हादऱ्यानं आणखी सैल होतो. रिव्हेट भट्टीत लालभडक करायचा, भोकात घालायचा, एकानं मागून डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दाबून धरायची आणि दुसऱ्यानं पुढून ठोकून त्याचं दुसरं डोकं घडवायचं. ठोकताना तो भोक भरून काढतो आणि निवताना आखडून पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. घर्षणाच्या जोरावर पकडणारे जास्त ताकदीचे बोल्ट पुलांवर सर्रास आले ते त्यानंतर. म्हणून 'नट-बोल्ट नाही' हे वाक्य सादरीकरणात जरूर घाला, पण त्यापुढचं उद्गारचिन्ह काढा. १९३६ साली दुसरा पर्यायच नव्हता.

आता खरा विषय. सोलापूरच्या माणसाला पूल म्हटलं की डोळ्यांपुढे येते सीना किंवा भीमा. आपल्या नद्यांचं कसं आहे, वर काळी माती दिसते, पण खाली काळा पाषाण बसलेला असतो. पाया खणायला घ्या, काही फुटांवर पहार ठणठण वाजायला लागते. आमचे एक वरिष्ठ म्हणायचे, देशावर पूल बांधणारा इंजिनिअर निम्मा पगार फुकट घेतो, पाया देवानंच घालून ठेवलाय. हावडा आणि कोलकात्यामधून वाहणाऱ्या हुगळी नदीला ते सुख नाही. गंगेनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ, रेती आणि चिकणमाती यांवरच ती दोन्ही शहरं उभी आहेत. त्यात ही नदी भरती-ओहोटीची. उजनीतून पाणी सोडलं की भीमा चढते आणि चार दिवसांनी उतरते. हुगळी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. मोठ्या भरतीला पाण्याची भिंतच उलटी वर येते, तिला तिकडे बान म्हणतात. आणि याच पाण्यावर कलकत्त्याचं बंदर जगत होतं. ब्रिटिशांची राजधानी १९११पर्यंत तिथंच होती हेही विसरू नका.

रेल्वे मात्र पलीकडच्या काठावर. १५ ऑगस्ट १८५४ला हावड्याहून हुगळी गावाला पहिली प्रवासी गाडी सुटली. म्हणजे उत्तर हिंदुस्थानातून येणारा माणूस आणि माल हावड्याला उतरणार, आणि जायचं असतं समोर कलकत्त्याला. मध्ये पंधराशे फूट पाणी. होड्यांवर किती दिवस भागणार?

१८७१ साली हावडा पुलाचा कायदा झाला आणि सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांच्या आराखड्यानं तरंगता पूल आला. भाग विलायतेत तयार झाले, जहाजानं आले आणि इथं जोडले गेले. लांबी १५२८ फूट, रुंदी ६२ फूट, त्यात दोन्ही कडांना सात-सात फुटांची पायवाट. पाण्यावर पोकळ तराफे, त्यांवर लाकडी रस्ता. कुंभमेळ्यात पिंपांचे पूल पाहिले असतील तर त्याच जातीचा, फक्त पक्का आणि मोठा. पूल खुला व्हायच्या आधीच, मार्च १८७४च्या वादळात एक आगबोट येऊन त्याच्यावर आदळली. तीन तराफे बुडाले आणि सुमारे दोनशे फूट पूल मोडला. तरी दुरुस्ती करून १७ ऑक्टोबर १८७४ला तो सुरू झाला.

हा पूल कामचलाऊ होता असं लोक लिहितात. मला तसं वाटत नाही. पायाच घालायचा नाही, नदीशी भांडायचंच नाही, तिच्याबरोबर वर-खाली व्हायचं, हा विचार त्या गाळात शहाणपणाचाच होता. तो ६९ वर्षं चालला, यातच काय ते आलं. दुखणी दोन होती. ओहोटीला पूल खाली गेला की काठावरून उतरणारा रस्ता उभा चढ होऊन बसायचा. त्या चढावर भरलेली बैलगाडी आणि घसरणारे बैल डोळ्यांपुढे आणा. ऑगस्ट १९०६मध्ये बंदराच्या लोकांनी वाहनं मोजली, तेव्हा गर्दीच्या दिवशी दर तेरा वाहनांत आठ बैलगाड्या निघाल्या. दुसरं दुखणं म्हणजे जहाजं. ती जाऊ देण्यासाठी मधला दोनशे फुटांचा तुकडा काढावा लागे. तेवढा वेळ दोन शहरं पुन्हा दोन. आधी पूल फक्त दिवसा उघडत. १९०६पासून समुद्री आगबोटी सोडून बाकीच्यांसाठी रात्री उघडायला लागले, तेव्हा दिवसाच्या गर्दीला थोडा श्वास मिळाला.

इथून पुढची तीस वर्षं भांडण एकाच गोष्टीवर आहे : नदीत खांब टाकायचा की नाही.

१९०६ साली बंदर आयुक्तांनी समिती नेमली. तिच्यात रेल्वेचे आणि कलकत्ता महापालिकेचे मुख्य अभियंते होते. त्यांनी सहा पर्याय ताडून पाहिले : मोठी वाफेची फेरी, लटकत्या पाळण्यातून वाहनं नेणारा पूल, बोगदा, खांबांवरचा पूल, तरंगता पूल आणि कमानीचा पूल. आणि निवड केली पुन्हा तरंगत्याचीच. आज हसू येतं, पण बंदराच्या खुर्चीत बसून बघा. वाहत्या पाण्यात खांब उभा केला की त्याच्यामागे पाणी मंदावतं. पाणी मंदावलं की गाळ बसतो. भीमेच्या पात्रात प्रत्येक खांबामागे वाळूची शेपटी दिसते, तीच गोष्ट. आपल्याकडे त्या शेपटीवर लोक कलिंगडं लावतात; हुगळीत ती शेपटी जहाजाच्या बुडाला लागते आणि बंदर बसतं. भीती पोकळ नव्हती. गाळ ढकलायला हुगळीत गंगेचं पाणी आणून सोडावं, म्हणून पुढे फराक्का बंधारा बांधावा लागला. तो १९७५ला सुरू झाला.

पहिल्या महायुद्धानं सगळं थांबवलं. जुन्या पुलाचे काही भाग १९१७ला आणि पुन्हा १९२७ला बदलून वेळ मारून नेली. १९२१ला सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती बसली. व्हिक्टोरिया मेमोरियल ज्या मार्टिन कंपनीनं बांधलं, तिचे हे भागीदार. सर बेसिल मॉट यांचा सल्ला घेतला, त्यांनी एकाच गाळ्याची, म्हणजे मध्ये कुठंही आधार नसलेली कमान सुचवली. १९२६ला नवा कायदा झाला. मग १९३०मध्ये आणखी एक समिती, ती म्हणे खांबांचा पूल करता येईल का ते तपासा. मग रेंडेल, पामर अँड ट्रिटन या लंडनच्या सल्लागारांकडे काम गेलं, तिथं झुलत्या पुलाचाही विचार झाला. कमान, खांब, झुलता, सगळ्यांवर फिरून शेवटी कॅन्टिलिव्हर, म्हणजे दोन्ही काठांवरून पाण्यावर पुढं काढलेल्या हातांचा पूल.

का, ते समजून घ्या, परीक्षेत कुणी विचारलं नाही तरी. कमान पायाला बाहेरच्या बाजूला रेटते. झुलत्या पुलाच्या तारा काठावरचे अँकर आडवे ओढतात. दोघांनाही दोन्ही काठांवर घट्ट जमीन लागते. खाली खडक असता तर प्रश्न नव्हता. लोण्यासारख्या गाळात तो आडवा जोर कोण घेणार? कॅन्टिलिव्हरचं वजन मुख्यतः सरळ खाली उतरतं.

शिखर शिंगणापूरला जाणारी कावड पाहिलीय ना? दांडी खांद्यावर, दोन्ही टोकांना भार. आता समजा एक कावडवाला नदीच्या या काठावर नदीकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या दांडीचं मागचं टोक जमिनीतल्या खुंट्याला दावणीसारखं बांधलंय आणि पुढचं टोक पाण्यावर गेलंय. समोरच्या काठावर असाच दुसरा. दोघांच्या पुढच्या टोकांमध्ये एक झोळी टांगली. झाला हावडा ब्रिज. खांदा म्हणजे २८० फूट उंच टॉवर. मागची दांडी ३२५ फूट, तिला अँकर आर्म म्हणतात. पुढची ४६८ फूट. झोळी ५६४ फूट. बेरीज करा : ४६८ अधिक ५६४ अधिक ४६८, पंधराशे फूट बरोबर. नदीत एकही खांब नाही आणि बंदराचं म्हणणं राहिलं. रस्ता या सांगाड्यावर नाही, त्याच्याखाली ३९ जोड्या हँगरांना, म्हणजे लोंबत्या पोलादी दांड्यांना, टांगलाय. पूर्ण झाला तेव्हा या जातीच्या पुलांत जगात तिसरा. पुढे फक्त कॅनडातला क्वेबेक आणि स्कॉटलंडमधला फोर्थ. क्वेबेकचा पूल बांधतानाच १९०७मध्ये कोसळून ७५ माणसं गेली होती. हावड्याचे आराखडे काढणाऱ्यांच्या मनातून ती गोष्ट गेली असेल असं मला वाटत नाही.

आता खांद्याखाली काय आहे ते बघू. माझ्या मते हा सगळा पूल तिथं आहे, वरचा सांगाडा म्हणजे नुसती हजेरी.

प्रत्येक टॉवरखाली एक प्रचंड विहीर उतरवली. आपल्याकडे पुलाच्या पायाला विहीर म्हणतात ती कशी उतरवतात, माहीत असेल : जमिनीवर काँक्रीटची भिंत उभी करायची, आतला गाळ ग्रॅबनं, म्हणजे क्रेनला टांगलेल्या पंज्यानं, उपसायचा, ती स्वतःच्या वजनानं खाली सरकते, मग वर पुन्हा भिंत चढवायची. हावड्याची एकेक विहीर सुमारे १८१ फूट लांब आणि ८१ फूट रुंद होती, आत २१ चौकोनी कप्पे. एकेक कप्पा सव्वासहा मीटर बाय सव्वासहा मीटर.

हा आकडा वाचताना मला आमची विहीर आठवते. कोकणातल्या एका खाडीवर माझी बदली झाली होती. सोलापूरच्या माणसाला पाया म्हणजे काय ते तिथं कळलं. आमची विहीर सहा मीटर व्यासाची, म्हणजे हावड्याच्या एका कप्प्याएवढीसुद्धा नाही. कंत्राटदाराला महिन्याचं बिल काढायचं होतं, रात्रपाळीला मुकादमानं ग्रॅब एकाच बाजूला मारत ठेवला. सकाळी मी लेव्हल लावली तर पूर्वेची कड पश्चिमेपेक्षा सात इंच खाली. ऐंशीत एक एवढाच कल चालतो, आमचा झाला होता चौतिसात एक. मग उंच बाजूवर वाळूची पोती रचा, त्याच बाजूचा गाळ काढा, वायररोपनं ओढ द्या. तीन आठवडे ती विहीर आम्हाला बघून हसत होती. त्या दिवसांत मला रात्री झोपेत लेव्हलचा बुडबुडा दिसायचा.

आता २१ कप्पे एकदम सरळ उतरवायचे, कुठंही एका बाजूला जास्त उपसायचं नाही, याचा विचार करा. दिवसाला फूटभर, कधी त्याहून थोडं जास्त. खालून काय काय निघालं : जहाजांचे नांगर, तोफा, तोफगोळे, पितळेची भांडी, कंपनी सरकारची नाणी. एका रात्री गाळ उपसताना खालची जमीन अचानक बसली आणि ती अख्खी विहीर एकदम दोन फूट खाली आदळली. असं का होतं? आतून माती काढत जातो, पण बाहेरची माती भिंतीला घासून धरून ठेवते. विहीर लटकून राहते. मग ती पकड एकदम सुटते. आमची सहा मीटरची विहीर चार इंच सरकली तरी पायाखालची फळी उडाली होती. तिथं त्या हादऱ्याची नोंद खिदिरपूरच्या भूकंपमापकावर झाली, आणि काठावरचं एक देऊळ पडलं, ते नंतर पुन्हा बांधून दिलं.

हावड्याची बाजू उघड्या उपशानंच खाली गेली, ८७ फुटांवर घट्ट पिवळी चिकणमाती लागली. कलकत्त्याच्या बाजूला धावती रेती भेटली. रेती पाण्याबरोबर आत वाहत येते. बाहेर काढाल तितकी पुन्हा आत. तिथं कप्पे बंद करून दाबाची हवा भरली, चौरस इंचाला चाळीस पौंडांपर्यंत, आणि हवेच्या दाबानं पाणी मागे रेटून माणसांनी आत उतरून काम केलं. सुमारे पाचशे माणसं या कामाला लागली. दाबातून वर येताना दाब हळूहळू उतरवावा लागतो, घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन सांधे धरतात, माणूस जातोही. ती बाजू थांबली १०३ फुटांवर.

पोलादाचं सांगायचं तर निविदेत सगळ्यांत कमी भाव एका जर्मन कंपनीचा होता, पण तेव्हाचं राजकारण बघून काम तिला दिलं नाही. ते क्लीव्हलँड ब्रिज आणि ब्रेथवेट, बर्न अँड जेसप यांच्याकडे गेलं. १९३६ला सुरुवात झाली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि विलायतेतून पोलाद यायची पंचाईत झाली. एकूण २६,५०० टनांपैकी सुमारे २३,००० टन टाटांनी दिलं, जास्त ताकदीचं, त्याला त्यांनी टिस्क्रॉम नाव ठेवलं होतं. दहा टनांचा ट्रक धरला तर तेवीसशे ट्रक. युद्ध चालू असताना, इथल्याच भट्टीतून.

उभारणी मागच्या दांडीपासून सुरू झाली. वरच्या कडेवरून सरपटत जाणाऱ्या क्रेन पुढचा तुकडा जोडत पुढं सरकायच्या. मधली झोळीसुद्धा दोन्हीकडून अर्धी-अर्धी बांधत आणली. क्वेबेकला १९१६ला तोच मधला भाग एकसंध उचलताना पुन्हा पडला होता आणि १३ माणसं गेली होती. हावड्याला शेवटी दोन टोकं नदीवर समोरासमोर आली. तिथं आठ-आठशे टनांचे सोळा हायड्रॉलिक जॅक लावून दोन्ही टोकं हलकेच सरकवली आणि जुळवली. एवढं पोलाद तापमानानं दिवसभर लांब-आखूड होत असतं, त्यात भोकावर भोक बसवायचं. हा प्रसंग कुणी नीट रंगवून लिहिलेला मला कधी सापडला नाही. सगळे बापडे नट-बोल्टवरच अडकलेले.

३ फेब्रुवारी १९४३ला पूल वाहतुकीला खुला झाला. फीत नाही, भाषण नाही. डिसेंबर १९४२मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकले होते. एवढा मोठा पूल सुरू झाल्याचा गाजावाजा करणं म्हणजे पत्ता देणंच. पहिलं वाहन गेलं ते एक एकटी ट्राम.

पुढचं थोडक्यात. १४ जून १९६५ला त्याचं नाव रवींद्र सेतू झालं, लोक हावडा ब्रिजच म्हणतात. ट्राम १९९३ला बंद झाली. त्याआधी १९९२ला खालच्या अंगाला विद्यासागर सेतू आला, तारांवर तोललेला. त्याचाही मधला गाळा पंधराशे फुटांचाच. मार्च २०२४पासून मेट्रो तर नदीच्या खालून जाते. १९०६च्या समितीनं बाजूला ठेवलेला बोगदा एकशे अठरा वर्षांनी झाला म्हणायचा.

आपल्याकडे पूल बांधकाम खात्याचा, नाहीतर महामार्गवाल्यांचा, नाहीतर महापालिकेचा. हावड्याचा पूल आजही बंदराच्याच ताब्यात आहे. देखभाल तेच करतात. नदीत खांब नको म्हणणाऱ्यानंच पूल सांभाळायचा, हे मला फार न्यायाचं वाटतं. तरी २००५च्या जूनमध्ये भरतीच्या वेळी एक मालवाहू बोट पुलाखालून जायला गेली, तिचं धुराडं अडकलं आणि ती तीन तास तिथंच. पुलाच्या खालच्या गर्डरांना लाखोंचा फटका बसला.

मी स्वतः गेलो तो निवृत्तीनंतर, पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं. हावडा स्टेशनातून पहाटे बाहेर आलो की समोर तोच. पायी पलीकडे मल्लिक घाटाच्या फूलबाजारापर्यंत गेलो. डोक्यावर झेंडूच्या माळांचे भारे घेतलेली माणसं अंगाला घासून पळत होती. मी मात्र मान वर न करता एकेका हँगरचा बुडखा बघत चाललो. पानाच्या पिचकाऱ्या. त्यातला चुना आणि बाकीचा मालमसाला पोलाद खातो. २०११च्या तपासणीत हँगरांच्या बुडाशी असलेली सहा मिलिमीटर जाडीची पोलादी आवरणं चार वर्षांत तीन मिलिमीटरच्याही खाली गेलेली आढळली. मग फायबरग्लासची टोपणं बसवली. मी बघत होतो तेव्हा एका टोपणावर ताजी पिचकारी ओघळत होती. सोलापूरच्या माणसानं यावर बोलू नये, आपल्या एसटी स्टँडाचे कोपरे सगळ्यांना माहीत आहेत.

तुमच्या सादरीकरणाबद्दल एक सूचना. पहिल्या पानावर टॉवरचा फोटो टाकू नका, तो सगळेच टाकतात. नदीचा आडवा छेद काढा. हावड्याच्या बाजूला ८७ फूट, कोलकात्याच्या बाजूला १०३ फूट, दोन्हीकडे त्या २१ कप्प्यांच्या विहिरी, मध्ये पंधराशे फूट मोकळं पाणी. पूल नंतर पेन्सिलीनं वर काढा.